स्वीडिश सरदारवर्गातील विवाह, घराण्याचे कर्तव्य आणि गाजलेली प्रकरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनच्या इतिहासासंबंधी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांपैकी सरदार घराण्यांच्या कौटुंबिक जीवनाविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काळ आहे तो गुस्ताव्ह वासा राजा झाला त्या १५२३ पासून १८०९ च्या राज्यघटनेपर्यंतचा. या संपूर्ण काळात फिनलंड स्वीडनच्याच राज्यात होते, त्यामुळे काही घटना आजच्या फिनलंडमध्येही घडलेल्या दिसतील.

१. स्वीडनमधला सरदार म्हणजे नेमका कोण? जमीनदार की दरबारी?

दोन्ही, आणि मुळात सैनिक. १२८० च्या सुमारास आल्सन्यो येथे झालेल्या राजाज्ञेनुसार जो स्वखर्चाने घोडेस्वार पुरवील त्याच्या जमिनीवरचा कर माफ झाला, आणि या करमाफीतूनच हा वर्ग उभा राहिला. काउंट आणि बॅरन या वंशपरंपरागत पदव्या बऱ्याच उशिरा, १५६१ मध्ये, एरिक चौदाव्याच्या राज्याभिषेकाच्या वेळी आल्या. १६२६ मध्ये गुस्ताव्ह आडोल्फने रिड्डारहुसेट या सरदारसभेचे नियम घालून दिले, घराण्यांची नोंद होऊ लागली आणि त्यांची तीन श्रेणींत विभागणी झाली. सरदार, धर्मोपदेशक, नगरवासी आणि शेतकरी अशा चार वर्गांच्या संसदेत हा पहिला वर्ग होता, तरी लोकसंख्येत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

विवाहाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, पदवी केवळ थोरल्या मुलाकडे न जाता सर्व औरस मुलांना मिळत असे. काउंटचे पाचही मुलगे काउंट, पण जमीन मात्र तेवढीच. नव्याने दिलेली पदवी एका वेळी घराण्यातील एकाच व्यक्तीकडे राहील, हा नियम १८०९ मध्ये आला. तोपर्यंत प्रत्येक पिढीत वाटणीने लहान झालेली मालमत्ता लग्नाच्या मार्गाने पुन्हा जुळवून आणणे, हेच घराण्यापुढचे कायमचे काम होते.

२. वंशावळीत पती-पत्नींची आडनावे वेगळी का दिसतात?

कारण सरदार घराण्यातील स्त्री लग्नानंतरही माहेरचेच नाव लावत असे. एब्बा ब्राहे हिचा विवाह याकोब दे ला गार्दीशी झाला तरी ती अखेरपर्यंत एब्बा ब्राहेच राहिली. मुले मात्र वडिलांच्या घराण्याची गणली जात. सोळाव्या शतकातील नोंदींत आणखी एक अडचण येते, ती म्हणजे अनेक जण वडिलांच्या नावापुढे ‘सोन’ किंवा ‘दॉत्तर’ लावून ओळखले जात, आणि घराण्याचे नाव त्यांना नंतरच्या वंशावळकारांनी जोडलेले असते.

३. लग्न कोण ठरवत असे? मुलीला कोणी विचारत असे का?

मुलीचे लग्न लावून देण्याचा कायदेशीर अधिकार असलेल्या पुरुषाला ‘गिफ्तोमान’ म्हणत. तो सहसा वडील असे आणि वडील हयात नसतील तर भाऊ किंवा जवळचा नातलग. अविवाहित स्त्री कितीही वयाची झाली तरी कायद्याच्या दृष्टीने पालकाच्या ताब्यात असे, आणि पालकाच्या संमतीवाचून लग्न करणारीला वारशाला मुकावे लागण्याचा धोका होता. दुसऱ्या बाजूने, वधूवरांची स्वतःची संमती हवी असा चर्चचा आग्रह होता. त्यामुळे सक्ती उघडपणे होत नसे. वर्षानुवर्षे मनधरणी, टोमणे आणि रुसवे यांच्या मार्गाने होत असे.

याचे सर्वांत जिवंत वर्णन अग्नेता होर्न (१६२९–१६७२) हिने स्वतः लिहून ठेवले आहे. सेनापती गुस्ताव्ह होर्न हे तिचे वडील आणि राज्याचा चान्सेलर आक्सेल ओक्सेनशेर्ना हा तिच्या आईचा पिता. आई १६३१ मध्ये साथीच्या रोगात गेली, वडील १६३४ मध्ये नॉर्डलिंगेनच्या लढाईत पकडले जाऊन १६४२ पर्यंत कैदेत राहिले, आणि मुलगी नातलगांच्या, विशेषतः एका कठोर नातेवाईक स्त्रीच्या, हाताखाली वाढली. एरिक स्पारे याच्याशी तिचे लग्न व्हावे म्हणून घरच्यांनी दीर्घकाळ आग्रह धरला. तिने शेवटपर्यंत नकार दिला आणि १६४८ मध्ये स्वतःच्या पसंतीच्या लार्स क्रूसशी विवाह केला. मात्र हे आत्मकथन वाचताना एक गोष्ट विसरू नये: वडिलांच्या मृत्यूनंतर सावत्र आईशी वारशाचा वाद चालू असतानाच्या काळातले हे लेखन आहे, आणि आपल्यावर अन्याय झाला हे ठसवणे हा त्यामागील हेतूंपैकी एक असावा. म्हणून ते खोटे ठरत नाही, पण ते एका पक्षकाराचे म्हणणे आहे.

४. स्वीडनमध्ये हुंडा होता का?

मुलीबरोबर सामान, कपडे, चांदी पाठवण्याची पद्धत होती; परंतु कायद्याने ज्याला खरे वजन होते ती देणगी उलट दिशेने जात असे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पती पत्नीला ‘मोर्गोनगोवा’ देत असे. सरदारांमध्ये ही देणगी बहुधा जमिनीच्या रूपात असे आणि वैधव्यात तिचा निर्वाह त्यावर चालावा हा तिचा उद्देश होता.

याशिवाय मुलीला वारसाहक्क होता. ग्रामीण कायद्यानुसार भावाला दोन हिस्से तर बहिणीला एक हिस्सा मिळत असे, आणि हा नियम १८४५ पर्यंत टिकला. तिला वारशाने मिळालेली जमीन पतीच्या मालमत्तेत विलीन होत नसे. पती तिचा कारभार पाही, पण मालकी तिच्या रक्ताच्या नात्यात राही. शिवाय वडिलोपार्जित जमीन विकायची झाल्यास ती विकत घेण्याचा पहिला हक्क भाऊबंदांचा असे. मुलगी ज्या घरी जाईल त्या घराच्या हाती आपल्या जमिनीचा कारभार जाणार, हे माहीत असल्यामुळेच तिच्या लग्नाबाबत चुलते, मामा, भाऊ सगळेच तोंड घालत असत. प्रेमप्रकरणांवरचा कुटुंबांचा संताप बहुतेक वेळा या एका मुद्द्यावरून उलगडतो, असे माझे मत आहे. नीतिमत्तेची भाषा नंतर येते.

५. नवरे सतत युद्धावर असत, मग घर कोण चालवत असे?

बायका. सतराव्या शतकात स्वीडन जर्मनी, पोलंड, डेन्मार्क आणि रशिया यांच्याशी लढत असताना घरच्या जमिनी, कुळे, कर्ज आणि कोर्टकचेऱ्या स्त्रियांच्याच हाती होत्या. सेनापती माग्नुस स्टेनबोक आणि त्याची पत्नी एव्हा ओक्सेनशेर्ना यांचा १६९० मध्ये विवाह झाला. त्यांचा पत्रव्यवहार टिकून आहे आणि त्यातून घरच्या कारभाराचा भार तिच्यावर किती होता हे दिसते.

कायद्याने पूर्ण स्वतंत्र मात्र फक्त विधवा असे. ती स्वतःच्या नावे व्यवहार करू शके, खटला भरू शके. पुनर्विवाह केला की हे स्वातंत्र्य जाई, आणि श्रीमंत विधवा पुन्हा लग्न करायला नाखूश असण्याचे हे एक उघड कारण होते.

६. नात्यात लग्न चालत असे का?

सख्ख्या चुलत, मावस, आते किंवा मामेभावंडांचा विवाह १६८० पर्यंत निषिद्ध होता. त्यानंतर राजाची खास परवानगी घेऊन तो करता येई, आणि ही परवानगीची अट १८४४ पर्यंत राहिली. लग्नामुळे जुळलेल्या नात्यांवरही चर्चचे आक्षेप असत.

हे नियम मोडणाऱ्यांत खुद्द गुस्ताव्ह वासा होता. त्याची दुसरी पत्नी मार्गारेता लेयोनहूवूद वारल्यावर त्याने १५५२ मध्ये तिच्याच सख्ख्या भाचीशी, कातारिना स्टेनबोकशी, लग्न केले. आर्चबिशप लॉरेन्शियस पेत्री यांनी हरकत घेतली, पण राजाने ती जुमानली नाही. योगायोग असा की दोन्ही वधूंचे आधी दुसरीकडे ठरले होते: मार्गारेताचे स्वान्ते स्टूरेशी आणि कातारिनाचे गुस्ताव्ह योहानसन या ‘तीन गुलाब’ घराण्यातील तरुणाशी. राजाने मागणी घातल्यावर दोघेही बाजूला झाले आणि दोघांनीही पुढे त्या वधूंच्या बहिणींशीच संसार थाटला. यात मला भावनेपेक्षा हिशोब अधिक दिसतो. घराण्यांमधला करार कायम राहिला, फक्त मुलगी बदलली.

७. मालिन स्टूरेला खरोखर पळवून नेले होते का?

होय, आणि तिच्या मर्जीने. हे प्रकरण समजण्यासाठी आधी नाते लक्षात घ्यावे. लेयोनहूवूद घराण्यातील तीन बहिणी: मार्गारेता गुस्ताव्ह वासाची राणी झाली, ब्रिता स्टेनबोकांच्या घरी गेली आणि मेर्टाचे लग्न स्वान्ते स्टूरेशी झाले. मालिन ही मेर्टाची मुलगी आणि एरिक स्टेनबोक हा ब्रिताचा मुलगा, म्हणजे तो तिचा सख्खा मावसभाऊ. त्या वेळचा राजा योहान तिसरा आणि त्याचा धाकटा भाऊ ड्यूक कार्ल हे मार्गारेताचे मुलगे, त्यामुळे तेही दोघांचे मावसभाऊच. विधवा राणी कातारिना ही तर एरिकची सख्खी बहीण. भांडण पूर्णपणे एकाच गोतातले होते.

मेर्टा साधी बाई नव्हती. तिचा पती आणि निल्स व एरिक हे दोन मुलगे १५६७ मध्ये उप्साला येथे वेडाच्या भरात असलेल्या एरिक चौदाव्याच्या हुकमाने मारले गेले होते. निल्सवर पहिला वार राजाने स्वतः केला. त्यानंतर एवढी मोठी मालमत्ता तिने एकटीने सांभाळली आणि तिच्या दराऱ्यामुळे लोक तिला ‘राजा मेर्टा’ म्हणत. एरिक स्टेनबोकने मालिनला मागणी घातली तेव्हा तिने मावसभावंडांचे लग्न धर्माविरुद्ध म्हणून नकार दिला, आणि आर्चबिशपही तिच्याच बाजूचा होता.

मार्च १५७३ मध्ये एरिक ह्योर्निंग्सहोल्म या तिच्या वाड्यात आला, मालिनला घसरगाडीत बसवून बाहेर घेऊन गेला आणि परत आणलेच नाही. त्याला संरक्षण देणारे घोडेस्वार ड्यूक कार्लने पुरवले होते. मेर्टाने राजाकडे दाद मागितली. योहानने एरिकला पकडले, पदावरून काढले, पण फार काळ कैदेत ठेवले नाही. स्वीडनमध्ये कोणी लग्न लावीना, म्हणून १५७४ मध्ये दोघांनी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या हालांडमध्ये जाऊन एका डॅनिश धर्मोपदेशकाकडून विवाह लावून घेतला. पुढे मालिनच्या बहिणींच्या आणि इतर नातलगांच्या विनवण्यांनंतर मेर्टाने त्यांना क्षमा केली.

या प्रकरणाला केवळ प्रेमकथा म्हणून पाहणारे वाचक मेर्टावर रागावतात. परंतु पती आणि दोन मुलगे गमावलेल्या आणि मुलींच्या विवाहांवरच घराण्याचे भवितव्य अवलंबून असलेल्या विधवेच्या हातातून मुलीचे लग्न ठरवण्याचा अधिकार घोडेस्वारांच्या बळावर हिरावून घेतला गेला होता, आणि तो हिरावण्यात राजाचा भाऊ सामील होता. तिचा संताप मला अवाजवी वाटत नाही.

८. सरदाराने सामान्य घरातील व्यक्तीशी लग्न केले तर काय होई?

पुरुषाने केले तर पत्नी आणि मुले सरदारवर्गात येत. स्त्रीने केले तर तिची मुले सरदार ठरत नसत आणि तिच्या करमुक्त जमिनीचा प्रश्न उभा राही. म्हणून मुलग्यांच्या अशा लग्नांकडे नाक मुरडून का होईना दुर्लक्ष होई.

पैसा असेल तर नाकही मुरडले जात नसे. क्रिस्टिना पीपर (१६७३–१७५२) ही स्टॉकहोममधील धनाढ्य व्यापारी-अधिकाऱ्याची मुलगी. १६९० मध्ये तिचे लग्न कार्ल पीपरशी झाले, तो १६९८ मध्ये काउंट झाला, आणि त्याच्याकडे काम घेऊन येणाऱ्यांकडून ती भेटी स्वीकारते अशी तिची ख्याती पसरली. १७०९ मध्ये पोल्ताव्हाच्या पराभवात तो रशियनांच्या हाती लागला आणि कैदेतच वारला. तिने नंतर आन्द्रारुमचा तुरटीचा कारखाना घेतला, क्रिस्टिनेहोफ हा वाडा बांधला आणि ती देशातील सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक झाली.

याउलट एरिक चौदाव्याने जुलै १५६८ मध्ये कारिन मॉन्सदॉत्तर या साध्या शिपायाच्या मुलीला राणी केले, तेव्हा त्याच्या भावांना आणि उमरावांना बंडासाठी आणखी एक निमित्त मिळाले. सप्टेंबरमध्ये त्याची सत्ता गेली. तरीही कारिनला फिनलंडमध्ये जमीन मिळाली आणि तिची मुलगी सिग्रिद हिची दोन्ही लग्ने सरदार घराण्यांतच झाली.

९. गुस्ताव्ह वासाने सरदारकन्यांशी लग्न केले, मग गुस्ताव्ह आडोल्फला एब्बा ब्राहे का मिळाली नाही?

कारण गुस्ताव्ह वासा नवा राजा होता आणि त्याला देशातील मोठी घराणी आपल्याकडे बांधून घ्यायची होती. नातवाच्या काळी गरज होती परदेशी राजघराण्याच्या पाठिंब्याची. विधवा राणी क्रिस्टिनाने, जिच्या सेवेत एब्बा होती, हा संबंध मोडून काढला. एब्बाने १६१८ मध्ये याकोब दे ला गार्दीशी लग्न केले, तिला चौदा मुले झाली. राजाने १६२० मध्ये ब्रांडेनबुर्गची मारिया एलेओनोरा आणली.

अठराव्या शतकात चित्र उलटे झाले. हेदविग ताउबे हिचे वडील कर्जात बुडालेले होते, आणि विवाहित राजा फ्रेडरिक पहिला याची जाहीर उपपत्नी होण्यास तिचे मन वळवण्यात घरच्यांचाच वाटा होता, असे समकालीनांचे म्हणणे होते. धर्मोपदेशकांनी उघड निषेध केला तरी हे नाते १७४४ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत टिकले. घराण्याचे कर्तव्य मुलीने पार पाडायचे, हे दोन्ही प्रकरणांत तेच राहिले.

१०. व्यभिचाराला मृत्युदंड होता ना? मग सरदार सुटत कसे?

१६०८ मध्ये कार्ल नवव्याने देशाच्या कायद्याला बायबलमधील मोझेसच्या आज्ञांचा उतारा जोडला, आणि दोन्ही बाजू विवाहित असतील तर मृत्युदंड लागू झाला. व्यवहारात वरिष्ठ न्यायालये शिक्षा सौम्य करत. सरदारांचे गंभीर खटले थेट वरिष्ठ न्यायालयात चालवण्याचा विशेषाधिकार त्यांना होता, आणि तेथील न्यायाधीशांत त्यांचेच भाईबंद असत. बहुतेक प्रकरणे त्याआधीच मिटवली जात, आणि मिटवण्याची पद्धत मालिनच्या प्रकरणात दिसली तशीच (प्रश्न ७ पाहा): मध्यस्थ नातलग, क्षमायाचना, आणि काही काळाने पुन्हा एका टेबलावर जेवण.

घटस्फोट शक्य होता, पण १६८६ च्या चर्चविषयक कायद्यानुसार त्याला व्यभिचार किंवा जोडीदाराने टाकून जाणे एवढीच कारणे चालत. निर्दोष ठरलेल्याला पुन्हा लग्न करता येई.

११. अनौरस मुलांचे काय होई?

बापाचे नाव, ढालीवरचे घराण्याचे चिन्ह आणि वारसा मिळत नसे. अपवाद राजाच्या मुलांचा, कारण राजा नवे घराणेच निर्माण करू शके. कार्ल नवव्याचा अनौरस मुलगा कार्ल कार्लसन यूलेनयेल्म अॅडमिरल झाला, आणि गुस्ताव्ह आडोल्फचा मुलगा गुस्ताव्ह गुस्ताव्हसन पुढे काउंट झाला.

१२. ज्यांची लग्ने झाली नाहीत त्या मुली कुठे जात?

धर्मसुधारणेनंतर मठ बंद झाल्याने तो मार्ग उरला नाही. भावाच्या घरी, मावशीकडे किंवा राणीच्या सेवेत त्या राहत. १७३९ मध्ये व्हाडस्टेना येथे अविवाहित सरदारकन्यांसाठी संस्था उभी राहिली. लग्न झालेल्यांचे दुःख निराळे असे: सोफी फॉन फेर्सेन हिच्यावर राजाचा भाऊ फ्रेडरिक आडोल्फ अनुरक्त होता, पण १७७७ मध्ये ती पीपर घराण्यात (प्रश्न ८) दिली गेली.

१३. मोठ्या घरच्या माणसाला खरोखर देहदंड झाल्याचे उदाहरण आहे का?

आहे. गुस्ताव्ह आडोल्फचा शिक्षक योहान स्क्यूटे याचा नातू गुस्ताव्ह स्क्यूटे याने बाल्टिक समुद्रात चाचेगिरी आरंभली, आणि त्यात त्याची बहीण क्रिस्टिना आन्ना सामील होती. एका डच जहाजावरील हत्या उघडकीस आल्यावर १६६३ मध्ये त्याला येन्शोपिंग येथे ठार करण्यात आले. बहीण डेन्मार्कला पळाली. द्वंद्वयुद्धाविरुद्धही १६८२ पासून अत्यंत कडक कायदा होता.

१४. शिक्षा झाली की सरदारपद जात असे का?

राजद्रोहात जाई. माग्दालेना रुडेनशोल्ड ही राजकन्येची सेविका गुस्ताव्ह माउरिट्स आर्मफेल्ट या विवाहित दरबाऱ्याची प्रेयसी होती. गुस्ताव्ह तिसऱ्याच्या हत्येनंतर सत्तेवर आलेल्या राजप्रतिनिधी शासनाविरुद्ध आर्मफेल्टने रचलेल्या कटात तिचा सहभाग उघड झाला. तिची खासगी प्रेमपत्रे मुद्दाम छापून प्रसृत केली गेली. १७९४ मध्ये तिचे सरदारपद काढून घेऊन तिला रिड्डारहुसेटसमोरच्या चौकात खांबाशी उभे केले आणि सूतकताईच्या तुरुंगात पाठवले. दोन वर्षांनी ती सुटली. आर्मफेल्ट परदेशी निसटला आणि पुढे पुन्हा मोठ्या पदांवर पोहोचला. एकाच कटातील पुरुष आणि स्त्री यांच्या नशिबात एवढे अंतर पडले, ते पत्रे छापण्याच्या त्या निर्णयामुळे अधिक रुंद झाले.

१५. उलरिका एलेओनोरा स्टोलहामरने खरोखर स्त्रीशी लग्न केले होते का?

होय. स्मोलांडमधील या सरदारकन्येचे वडील वारले तेव्हा मुलींसाठी फारसे काही उरले नव्हते. ती पुरुषवेशात घरातून निघाली, काल्मार येथे तोफखान्यात शिपाई म्हणून भरती झाली आणि १७१६ मध्ये मारिया लॉनमान हिच्याशी चर्चमध्ये विवाहबद्ध झाली. माहेरच्यांना हे कळल्यावर बहिणीने पत्र लिहून तिला परत फिरण्यास सांगितले. अखेर तिने स्वतःच कबुली दिली आणि १७२९ मध्ये खटला चालला. देवाने केलेला लिंगभेद नाकारणे आणि विवाहविधीची विटंबना हे आरोप होते, पण दोघींमधील संबंध निष्कलंक स्नेहाचे असल्याचे न्यायालयाने मानले आणि अल्पकाळाच्या कैदेवर भागवले. कुटुंबानेही तिला टाकले नाही. सोफिया ड्राके ही नातेवाईक दोघींच्या पाठीशी उभी राहिली, आणि मारियाला तिने आपल्या वाड्यात घरकारभारीण म्हणून ठेवून घेतले.